नोट्समधला हरवलेला दोन

नावावरून या शहरात इतकी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत की इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. त्यानं काही अडतही नाही.

एम.एस्सी.ला फिजिक्सच्या आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी, आणि कन्नड तालुक्यातली एक. तिच्या घरी मेंढरं होती, आमच्या घरी पुस्तकं सोडून बाकी काही नव्हतं, आणि तीही माझीच. वडील पाचोडजवळच्या गावातून शहरात आले तेव्हा चिकलठाण्यात कारखाने नुकते उभे राहत होते. त्यांना एका कारखान्यात हेल्परचं काम लागलं आणि पुढं लेथवर बसवलं. त्यांचं गणित सरळ होतं: मुलगी एम.एस्सी. फर्स्ट क्लास झाली की कॉलेजात शिकवील. त्या काळात प्राध्यापकीच्या अर्जाला फर्स्ट क्लास नसेल तर अर्ज उघडतसुद्धा नसत. मला शिकवायचंच होतं. दुसरं काही मी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

आमच्या विभागात नोट्सची एक पद्धत होती. सर क्वांटम मेकॅनिक्स शिकवत आणि दरवर्षी तेच, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत शिकवत. निकाल लागला की वरच्या वर्गातला विद्यार्थी आपली वही खालच्या वर्गातल्या कुणाला तरी देई आणि शेवटच्या पानावर सही करी. माझ्या वाट्याला आलेल्या वहीवर सात सह्या होत्या. मजकूर इंग्रजी, पण समासात मराठीत सूचना: "इथं सर चष्मा काढतात." "इथं सर म्हणतात, मोकळं सोडलं की असंच होतं. हसावं." आणि खरोखर त्या ओळीला सर चष्मा काढत, तेच वाक्य म्हणत, आणि आम्ही वहीत बघून वेळेवर हसत असू.

मोकळं सोडलेला म्हणजे मुक्त कण. ज्याला कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, असा एकटा कण. क्वांटमच्या समीकरणात सगळ्यात सोपा धडा हाच. समीकरण सोडवलं की उत्तर येतं एक लाट. दोन ओळींचं काम. अवघड आहे ते पुढं: त्या लाटेचा अर्थ काय?

त्या लाटेवरून कण कुठं सापडण्याची शक्यता किती, हे काढता येतं. काढलं, तर ती सगळीकडं सारखी येते. विभागाच्या पायरीवर जेवढी, तेवढीच पाचोडच्या बाजारात आणि तेवढीच चंद्रावर. सगळ्या जागांची बेरीज एक यायला हवी, कारण कण कुठं तरी असणारच. पण बेरीज संपतच नाही. याचा अर्थ ती एकटी लाट म्हणजे कण नव्हे. एवढं नोट्समध्ये होतं, आणि बरोबर होतं.

दुसरी अडचण वेगाची. त्याच लाटेचा वेग काढला तर तो कणाच्या वेगाच्या निम्मा येतो. छेदात दोन राहतो. नोट्समध्ये एका ओळीत तो दोन होता आणि पुढच्या ओळीत नव्हता. "म्हणून लाटेचा वेग हाच कणाचा वेग" असं लिहून खाली दुहेरी रेघ. सात जणांनी ती रेघ पट्टीनं गिरवली होती.

मी मैत्रिणीला विचारलं, "हा दोन कुठं गेला?"

तिनं वही फिरवून बघितली. "गेला आसंल गावाला. तुला काय करायचं?"

"अगं, असा कसा जाईल? मग उत्तर चुकलं की."

"उत्तर बरोबर हाय. नोट्समधी हाय म्हणजे बरोबर. सात जण पास झाल्यात याच्यावर." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू आता सरांकडं जाणार. जा माय. पण माझं नाव सांगू नको."

मी गेले. आधी सर म्हणाले, उतरवणाऱ्याची चूक असेल. मी म्हटलं, तुम्ही फळ्यावरही असंच लिहिता. त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागं गणित करून बघितलं. मग पुन्हा केलं. मग चष्मा काढला, आणि या वेळी ते नोट्समध्ये लिहिलेलं नव्हतं.

"अकरा वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "कुणी विचारलं नाही. मीही नाही." आणि मोठ्यानं हसले.

त्या हसण्यामुळं मला हा माणूस आवडला, हे लिहून ठेवायला हवं. चूक दाखवल्यावर हसणारा शिक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी कपाटातून स्वतःचं पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, "दोन कुठं जातो ते तूच शोध. तुझ्या सेमिनारचा विषय हाच. तोंडी परीक्षेतही हाच मांड." सेमिनार आणि तोंडी परीक्षा मिळून जे गुण होते त्यावरच माझा फर्स्ट क्लास ठरणार होता. लेखी परीक्षेत मी काठावर होते.

दोन कुठं जातो ते पुस्तकात होतं. एक लाट म्हणजे कण नव्हे. एकमेकींच्या जवळपासच्या पुष्कळ लाटा एकत्र केल्या की त्यांचा एक पुंजका होतो. तो एका जागेच्या आसपास असतो, बाकी सगळीकडं लाटा एकमेकींना खोडून टाकतात. त्या पुंजक्याचा वेग काढला की छेदातला दोन नीट, नियमानं निघून जातो आणि कणाचा बरोबर वेग मिळतो. गणित मला जमलं. पण आतल्या लाटा एका वेगानं आणि त्यांचाच पुंजका दुसऱ्या वेगानं, हे डोळ्यांपुढं येईना. आणि जे डोळ्यांपुढं येत नाही ते मला दुसऱ्याला सांगता येत नाही.

ते डोळ्यांपुढं आलं मोर्चात.

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे तेव्हा सतत निघत. आम्ही बौद्ध. मोर्चा असला की वडील पाळी बदलून घेत आणि घरातले सगळे जात, यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी क्रांती चौकाच्या अलीकडं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वडील म्हणाले, "तू हितं ओट्यावर थांब, मी पिन बघतो कुणाकडं." मी बंद दुकानाच्या उंच ओट्यावर चढले आणि पहिल्यांदा मोर्चा वरून बघितला.

पुढं एक जण घोषणा देत होता. पुढच्या रांगेचे हात वर जात, मग तिच्या मागच्या रांगेचे, मग तिच्याही मागच्या. हातांची लाट मोर्चाच्या तोंडाशी उठायची, मागं मागं सरकत जायची आणि शेपटाशी, जिथं बायाबापड्या लेकरं घेऊन चालत होत्या, तिथं विरून जायची. लगेच तोंडाशी दुसरी. लाटा मागं चालल्या होत्या आणि मोर्चा पुढं चालला होता. लाटेचा वेग वेगळा, मोर्चाचा वेगळा. आणि मोर्चा कुठं आहे असं कुणी विचारलं तर तो अमुक एका हातावर नव्हता, पण चौकाच्या अलीकडं होता, एवढं नक्की सांगता येत होतं.

वडील पिन घेऊन आले. म्हणाले, "काय बघायलीस येवढं?"

"अभ्यास."

"मोर्च्यात?"

"व्हय."

"बरं हाय मग. हजेरी बी लागली आन् अभ्यास बी झाला."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. त्यांनी लगेच एक चूक काढली. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती हातांची लाट उलटी जाताना दिसते. कणाच्या लाटा पुढंच जातात, फक्त निम्म्या वेगानं. "म्हणून ओट्यावर उभी राहू नकोस," ते म्हणाले. "मोर्चात चालणाऱ्याच्या डोळ्यांनी बघ. पुंजक्याबरोबर चाललीस की लाटा पुढून येताना आणि मागं सरताना दिसतील. मग उदाहरण नेमकं बसतं." बरोबर होतं त्यांचं. अर्धा तास आम्ही त्यावर बोललो. ते दोनदा टेबलावर हात आपटून "वा" म्हणाले. मी उठले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "माझंही मत तुमच्याच बाजूचं आहे बरं का. नाव द्यायलाच पाहिजे." मी विचारलं, "सर, व्हायवात हे उदाहरण चालेल?"

"चालेल म्हणजे? हेच दे. मी आहे ना."

हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती केस विंचरत होती. ती थांबली. "मोर्चा म्हणू नको. जत्रा म्हण, बाजार म्हण."

"बाजारात हात कोण वर करतं?"

"आमच्या कन्नडच्या बाजारात समदेच करत्यात, भाव ऐकून." मग हसू आवरून म्हणाली, "हे बघ, ती परीक्षा हाय, सभा नाय. नोट्समधलं घडाघडा म्हण अन् मोकळी हो. नंतर प्रोफेसर झालीस की शिकव तुझा मोर्चा."

"सर आहेत की तिथं."

"आसू दे," ती म्हणाली आणि पुन्हा फणी फिरवायला लागली.

परीक्षक बाहेरगावचे होते. वयस्क, मृदू बोलणारे. आमच्या सरांच्या नोट्स त्यांच्याही कॉलेजात वापरतात, असं त्यांनी सुरुवातीलाच कौतुकानं सांगितलं. सर त्यांच्या शेजारी बसले होते. मी फळ्यावर मांडणी सुरू केली. एका लाटेचा वेग काढला, छेदातला दोन तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती गोल केला.

परीक्षक म्हणाले, "थांबा. हा दोन राहिला."

"हो सर. तो राहतोच. एकट्या लाटेला कण म्हणता येत नाही, म्हणून."

"पण नोट्समध्ये असं नाही." ते सरांकडं वळले. हसत होते. "काय हो, तुमच्या नोट्स चुकल्या की काय?"

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते चष्मा काढतील आणि ते पाकिटाच्या मागचं गणित सांगतील. एका वाक्याचं काम होतं. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

परीक्षक मला म्हणाले, "बरं. मग पुढं? एखादं उदाहरण देऊन सांगा."

मी मोर्चा सांगितला. हात, लाट, तोंड, शेपूट, सगळं.

"कसला मोर्चा?" परीक्षकांनी विचारलं.

"नामांतराचा, सर."

"तुम्ही तिथं काय करत होता?"

"चालत होते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी काही तरी बोलले असते. ते फक्त सरांकडं वळून म्हणाले, "विभागात असं चालतं का?"

तेव्हा सर बोलले. "मी यांना सांगितलं होतं, नोट्सच्या बाहेर जाऊ नका. हुशार आहेत, पण ऐकत नाहीत."

दोन वर्षं ते मला "तू" म्हणत होते. त्या वाक्यात मी "यांना" झाले.

मी फळा पुसला, कारण पुढच्या विद्यार्थ्यासाठी फळा पुसून जायची पद्धत होती. दोनभोवतीचा गोल आधी पुसला. बाहेर माझी मैत्रीण आपल्या नंबराची वाट बघत उभी होती. तिनं माझं तोंड बघितलं. आत जाऊन तिनं नोट्समधलं घडाघडा म्हटलं, दोन गायब केला, आणि तिला भरपूर गुण मिळाले. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता. तिनं मला काही कबूल केलेलं नव्हतं.

घरी वडील दारात बसले होते. "सर काय म्हणले?"

"हुशार आहे म्हणाले."

त्यात खोटं काही नव्हतं. वडिलांनी शेजारी जाऊन ते सांगितलं.

निकालात फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. वडिलांनी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली, मागच्या बाजूला काही छापलंय का म्हणून. मग म्हणाले, "पास तर झालीस." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी सरांचं पुस्तक परत करायला गेले. ते म्हणाले, "तू समजून घे. ते परीक्षक फार मोठे आहेत. तुझ्यासारख्या मुलीचं पुढं काही अडत नाही." मी पुस्तक टेबलावर ठेवलं. वहीच्या शेवटच्या पानावर आठवी सही केली नाही आणि ती वही कुणाला दिलीही नाही.

वाळूजला तेव्हा नवीन कारखाने येत होते. त्यांना मोजमापाचं कळणारी माणसं हवी होती. मी एका कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि तिथंच वर चढत गेले. काम मला आवडतं. दांडा किती मिलिमीटरचा हवा आणि किती आहे, एवढाच प्रश्न असतो. आमच्याकडं आकडा हरवला तर माल परत येतो आणि कुणी हरवला ते कागदावर असतं. कुणाच्या चेहऱ्याकडं बघत बसावं लागत नाही.

पण एक गोष्ट मला सुटत नव्हती. सर कशासाठी उलटले? त्या दोनासाठी, की मोर्चासाठी? आपल्या नोट्स चुकल्या हे मोठ्या माणसापुढं कबूल करायची लाज वाटली असेल, तर ती मला कळू शकते. माझ्या हाताखालची माणसंही चूक लपवतात. दुसरं असेल तर ते वेगळं. मी बऱ्याचदा स्वतःला सांगितलं, दोनासाठीच असणार.

विद्यापीठाला ते नाव मिळालं त्यानंतर काही दिवसांनी सर मला बसस्टॉपवर भेटले. खूष होते. म्हणाले, "अभिनंदन! शेवटी जिंकलो बरं का आपण."

मी विचारलं, "आपण?"

"म्हणजे काय, आपणच की." तेवढ्यात वाळूजची बस आली आणि मी चढले. त्यानंतर भेट नाही. ते निवृत्त झाले, पुण्याकडं मुलाकडं गेले असं ऐकलं.

आता माझी पन्नाशी उलटली. भावाची मुलगी एम.एस्सी. करते, फिजिक्सच. चार दिवसांपूर्वी ती माझ्याकडं अभ्यासाला येऊन राहिली होती. नोट्स आता वहीत नसतात, मोबाइलवर येतात. भाकरी थापत असताना तिचं पाठांतर कानावर पडत होतं. मुक्त कण चालला होता. माझे हात थांबले नाहीत, पण कान तिकडं गेले.

"वेगाचं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"एका लाटेचा वेग निम्मा येतो, आत्या. छेदात दोन राहतो. म्हणून एक लाट म्हणजे कण नाही, पुंजका घ्यायचा. ही सुधारलेली आवृत्ती आहे. खूप जुने सर होते म्हणे आपल्याकडं, त्यांनी निवृत्त व्हायच्या आधी स्वतः टाइप केली."

दोन परत आला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"उदाहरणही भारी दिलंय," ती म्हणाली. "समजा, एक लग्नाची वरात चालली आहे. हातांची लाट पुढून उठते आणि मागं विरते, वरात मात्र पुढं जाते. लाटा रस्त्यावरून बघू नका, वरातीत चालणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा."

मी तवा उतरवला. "परत वाच."

तिनं परत वाचलं. इंग्रजीत "मॅरेज प्रोसेशन" होतं. तोंड होतं, शेपूट होतं, शेपटाशी लेकरं घेतलेल्या बायकाही होत्या. सगळं होतं.

"वरातीत हात कोण वर करतं गं?" मी विचारलं.

"नाचणारे."

"ते बँडपाशी, पुढं. मागं घोड्यापाशी बायका चालतात, त्या करतात का? पुढचे नाचले म्हणून मागच्यांचे हात वर जातात का? लाट मागं येईल कशी?"

तिनं मोबाइलकडं बघितलं. "हो गं. मलापण ते कळलं नव्हतं. मी पाठच केलं."

म्हणजे पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. आणि मला माझं उत्तर मिळालं होतं. दोन त्यांना दुरुस्त करता आला. कुणी बघत नसताना, निवांत, खोलीत बसून, तेही एकट्यानं. मोर्चा त्याच खोलीत, तेवढ्याच निवांतपणे त्यांनी खोडला, आणि त्या जागी जे लिहिलं त्यानं उदाहरणही मोडलं.

मी भाचीला सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तिच्या आजोबांनी पिन आणली होती, हे ऐकून ती हसली.

"पुढच्या आठवड्यात माझी व्हायवा आहे," ती म्हणाली. "मी काय सांगू? वरात की मोर्चा?"

"नोट्समधलं सांग आणि मोकळी हो" हे माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकाशी. मैत्रिणीचं वाक्य होतं ते. पण मी बोलले असते तर माझ्या तोंडून ते सरांचं झालं असतं.

"बरोबर काय आहे ते तुला आता माहीत आहे," मी म्हटलं. "आत कोण बसणार आहे ते मला माहीत नाही. तुझं तू ठरव. गुण गेले तर जातील, तेही धरून ठरव."

ती विचार करत बसली. मी उरलेल्या दोन भाकरी टाकल्या. मी आहे ना, असं मात्र मी तिला म्हटलं नाही.